भेवबाबू आणि एकेचाळिसावी ओळ

भेवबाबूला कोऱ्या रकान्याची भीती वाटायची. साप, अंधार, मोठे साहेब यांचीही वाटायची, पण ती तुमच्याआमच्याइतकीच. तक्त्यातला एखादा चौकोन रिकामा दिसला की मात्र त्याचा चेहरा उतरायचा आणि तो खुर्ची सरकवून उभाच राहायचा. "साहेब, रिकाम्या खोक्यात जनावर बसून राहते," असं म्हणायचा. ऑफिसातली मंडळी हसायची. तो हसायचा नाही.

त्याचं आडनाव मेश्राम. भेव म्हणजे भीती, हे विदर्भाकडच्या लोकांना सांगायला नको. भिलाईत आमच्या ऑफिसातल्या हिंदी बोलणाऱ्यांना त्याचा अर्थ कळत नसे, तरी तेही त्याला भेवबाबूच म्हणत. हे नाव मी पाडलं होतं. त्याच्याविषयी अजून जे जे खोटं चालत आलं आहे तेही माझंच आहे. आता मी त्र्याहत्तर वर्षांचा झालो. ते तसंच ठेवून जायची मला भीती वाटते.

भिलाईच्या सुपेला भागात, पंपदुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. लहान-मोठ्या कारखान्यांना आम्ही कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करून देत असू. मी तिथला मुख्य, आणि भेवबाबू टेस्टिंगला. गिऱ्हाइकाने मागितलेली प्रत्येक गोष्ट आम्ही नंबर घालून लिहायचो. ती रिक्वायरमेंट. ती गोष्ट खरंच होते की नाही, हे कसं तपासायचं ते वेगळ्या नंबरने लिहायचो. ती टेस्ट केस. मग एक मोठा तक्ता करायचा. डावीकडे मागणी, उजवीकडे तिची टेस्ट. समोर टेस्ट नसलेली मागणी म्हणजे कोणी न तपासलेली मागणी. हा तक्ता भेवबाबूच्या ताब्यात असे.

तो तक्ता दोनदा वाचायचा. एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उलटा. उलटं कशाला वाचतोस, असं मी एकदा वैतागून विचारलं.

"साहेब, घरून निघताना माणूस 'येतो' म्हणते का 'जातो' म्हणते?"

"येतो म्हणतो."

"मंग? नुसतं जाऊन कसं चालन? मागणीवरून टेस्टवर गेलो, आता टेस्टवरून मागणीवर यावं लागते. ही टेस्ट खरंच तिचीच हाय का दुसऱ्याच कोणाची, ते येतानाच दिसते."

त्याचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडीचे रूळ बदलायचा हुकूम आला की ते तो मोठ्याने परत म्हणून दाखवत आणि समोरच्याने हो म्हटल्याशिवाय हात हलवत नसत. घरात बायकोने मीठ आण म्हटलं तरी "मीठ, एक पुडा" असं म्हणून थांबत. भेवबाबू हे सांगताना जरा हसायचा. मग म्हणायचा, "पण माह्या बापाच्या हातून कधी गाडी दुसऱ्या रुळावर नाही गेली."

त्याची टिंगल रोज व्हायची. "भेवबाबू, पंखा हलून राहिला," असं कोणी म्हटलं की तो खरोखर वर बघायचा आणि खुर्ची सरकवायचा. चहाच्या टपरीवर जायलाही हेल्मेट घालायचा. नव्या पोराला टेस्टिंगला बसवायची वेळ आली की मला बाजूला घेऊन विचारायचा, "याले कशाचं भेव वाटते, ते विचारलं का? काहीच वाटत नसन तर याले इथं बसवू नका. दुसरीकडे हुशार हाय तो."

तक्त्यात त्याने स्वतःच एक रकाना वाढवला होता. त्याला मथळा नव्हता. त्यात तो माणसाचं नाव लिहायचा. ही गोष्ट झाली नाही तर कोणाला लागेल, त्याचं नाव. गिऱ्हाइकाला तक्ता देताना मी तो रकाना लपवत असे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नंदिनी गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका खाजगी कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. भंगार वितळवून लोखंडाचे ठोकळे ओतायचा कारखाना. जमिनीत एक लांब खड्डा, त्यात साचे मांडलेले. साचे साफ करायला माणसं खड्ड्यात उतरायची. वरून क्रेन जायची. तिला वितळलेल्या लोखंडाचं भांडं लटकलेलं असे, तिथले लोक त्याला लेडल म्हणत. खड्ड्यात माणूस असताना क्रेन तिथून जाता कामा नये, हे आमच्या प्रोग्रॅमने बघायचं होतं. उतरताना कामगाराने आपलं कार्ड दारावरच्या डब्याला लावायचं, वर आल्यावर पुन्हा लावायचं. आत एक जरी माणूस असला तरी क्रेन जागची हलणार नाही.

आम्ही मागण्या मॅनेजरला विचारून लिहिल्या. भेवबाबू खड्ड्याच्या काठावर जाऊन बसला. तीन दिवस बसला. तिथे दुखूराम नावाचा एक कामगार होता, धमध्याकडचा. त्याने विचारलं, "लाइट चले जाही त मशीन ह मोला भुला तो नइ जाही, बाबू?" वीज गेली तर मशीन मला विसरून तर जाणार नाही?

भेवबाबू त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "साहेब, हे आपण कोणीच नाही विचारलं. तो विचारून राहिला ज्याच्या डोक्यावर पडन." अशी एकेचाळीस नंबरची मागणी लिहिली गेली. वीज जाऊन परत आली, तरी खड्ड्यात माणूस आहे हे मशीनने विसरू नये. शेवटच्या रकान्यात दुखूरामचं नाव.

ही टेस्ट ऑफिसात होण्यासारखी नव्हती. आठवण ठेवणारी लहानशी बॅटरी खड्ड्याच्या दारावरच्या डब्यात होती. तिथे कार्ड लावायचं, त्या भागाची वीज तोडायची, पुन्हा द्यायची आणि क्रेन हलते का ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम. पण वीज तोडायची म्हणजे भट्टी थांबवायची. कारखाना आज देतो, उद्या देतो करत राहिला.

आमच्या गावात नवं यंत्र सुरू करायचं तर विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. कारखान्याच्या मालकांनी तोच दिवस धरला होता. आदल्या दिवशी टेस्ट करू, भट्टी तशीही बंद असेल, असं ठरलं. आम्ही गेलो तर क्रेनला रंग लावणं चालू होतं. रंग ओला आहे, उद्या सकाळी या, म्हणाले. सकाळी गेलो तेव्हा क्रेनच्या आकड्याला झेंडूचा हार घातला होता, कुंकू लागलं होतं. क्रेन चालवणारा हात जोडून म्हणाला, "आज औजार को हाथ नहीं लगाते, साहब. आज उनका आराम है." मी दुर्ग-भिलाईत वाढलेला माणूस. त्या दिवशी पान्याला, हातोडीलाही कोणी हात लावत नाही हे मला माहीत होतं. तरी मी तो दिवस धरू दिला होता.

भेवबाबू म्हणाला, "मंग रकाना रिकामाच देऊ. लाल करून देऊ. लिहू का झाली नाही."

मी हो म्हटलं. त्याला प्रसादाच्या रांगेत पाठवलं. मग मॅनेजरच्या खोलीत बसून तक्ता उघडला. कारखान्याचा सल्लागार तक्त्यात एकच गोष्ट बघायचा, कुठे कोरी जागा आहे का. एकेचाळीसच्या समोर मी त्रेसष्ट टाकलं. त्रेसष्ट नंबरची टेस्ट होती वीज जाऊन आल्यावर कॉम्प्युटरचा पडदा पुन्हा सुरू होतो की नाही याची. त्यातही वीज जात होती, येत होती. वरवर बघणाऱ्याला शंका येऊ नये असाच नंबर मी निवडला. त्या टेस्टमध्ये माणूस मात्र कुठेच नव्हता. तपासणारा म्हणून खाली नाव छापलेलं होतं ते मेश्रामचं. कागद निघाला, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. उद्या-परवा करून टाकू, असं मी मनाशी म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी भेवबाबूने तक्ता उलटा वाचला. त्रेसष्टवरून परत येताना तो एकेचाळीसला पोचला आणि तसाच माझ्याकडे आला. दुर्दैवाने आमच्या ऑफिसचे मालक तिथेच बसले होते.

"साहेब, एकेचाळीसमंधी त्रेसष्ट कोणं टाकलं?"

मी खरं सांगू शकलो असतो. मालक रागावले असते, इतकंच. मी म्हणालो, "तूच टाकलं असशील, मेश्राम. घाईत होतं असं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. कोऱ्या रकान्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत जे यायचं ते मी ओळखत होतो. ते आता माझ्याकडे बघताना आलं होतं. मालक म्हणाले, "मैंने पहले ही कहा था." त्यांनी आधी काहीही म्हटलेलं नव्हतं.

सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. मी दुर्गातल्या मोहन नगरचा, तीन पिढ्यांपासून इथला, वडील शाळामास्तर. माझं आडनाव ऐकलं की लोक खुर्ची पुढे करतात. तो पॉइंट्समनचा मुलगा, घरात बाबासाहेबांची तसबीर, चौदा एप्रिलला निळा झेंडा घेऊन मिरवणुकीत चालणारा. मालकांना नेमकं काय म्हणायचं होतं ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. ते खोटं आहे असं मी म्हटलं नाही.

त्याला टेस्टिंगवरून काढलं आणि दुकानादुकानांत प्रिंटर बसवायच्या कामावर टाकलं. "नोकरी तरी राहिली, मी सांभाळून घेतलं," असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "ते ठीक हाय, साहेब. पण टेस्ट करून टाका. तुमच्या पाया पडतो, टेस्ट करून टाका." मी कारखान्याला दोन पत्रं लिहिली. भट्टी थांबवायला ते तयार झाले नाहीत. तिसरं पत्र मी लिहिलं नाही. कारण तेव्हा, ही टेस्ट आधीच झाली नव्हती का, असं कोणीतरी विचारलं असतं.

वर्षभराने दुसऱ्या कामासाठी त्या कारखान्यात गेलो. बोलता बोलता दिवे लुकलुकले. क्षणभरच. खड्ड्यातली माणसं हातातलं टाकून धडाधड वर आली. काठावर ओळीने उभं राहून एकेकाने मोठ्याने आपलं नाव घेतलं. मग कार्ड पुन्हा लावून खाली उतरली. मी फोरमनला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "वो आपके बाबू आते हैं ना इतवार को, वही सिखा के गए. बोले, मशीन पे भरोसा मत करना. अब तो आदत हो गई." दर रविवारी स्कूटरवर, डोक्यावर हेल्मेट घालून, स्वतःच्या सुट्टीत तो जात होता. मला कळलं, आणि मी तरीही गप्प बसलो. उलट मला हायसं वाटलं. माझ्या वाट्याची भीती दुसरा कोणीतरी वाहत होता.

पण भीती तशी कोणाला वाहायला देता येत नाही. मोहन नगरमध्ये रात्री-अपरात्री, भरदुपारी, कधीही वीज गेली की मी उठून उभा राहत असे. त्या कारखान्याची वीज वेगळी, हे माहीत असूनही. ती परत येईपर्यंत बसत नसे. बायको विचारी, "बसा की, काय झालं?" मी म्हणे, काही नाही.

दोन वर्षांपूर्वी भेवबाबू गेला. आठवडाभर ताप येत होता, मग हृदय थांबलं. त्यांच्या वस्तीतल्या विहारात शोकसभा झाली. जुना साहेब म्हणून मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "चूक कोणाच्या हातून होत नाही? एका नंबरची चूक त्याने जन्मभर मनाला लावून घेतली, इतका तो सरळ माणूस होता." लोकांनी माना डोलावल्या. कोणी डोळे पुसले. मेलेल्या माणसावर मी तेच खोटं दुसऱ्यांदा लादलं, आणि तेही गोड शब्दांत.

यंदा उन्हाळ्यात वहिनींचा, म्हणजे मिसेस मेश्रामांचा, फोन आला. या म्हणाल्या. गेलो. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"साहेब, एक विचारतो. खरं सांगजा. यायच्या हातून कोणी मेलं होतं का?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तापात होते तवा एकच धरून बसले होते. लाइट आली का? खड्ड्यात कोण हाय? मी म्हणो, कोणीच नाही, झोपा. तर मले म्हणे, मोज. तुमी त्या दिवशी विहारात बोलले, चूक झाली होती म्हणून. तवापासून माह्या जीवाले घोर लागला. दोन वर्सं झाले, मी पेपरात पायतो, कोण्या कारखान्यात कोणी मेलं का. माह्या माणसाचं पाप तर नाही ना?"

मी सांगितलं. पूजेचा दिवस, रंग, हार, त्रेसष्ट. सगळं.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यायले माहीत होतं, तुमी टाकलं म्हणून?"

"हो."

"मंग मले कावून नाही सांगतलं?"

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "तो खड्डा हाय अजून? लोकं उतरून राहिले?"

"आहे. उतरतात."

"आन् तुमी इथं बसून राहिले?"

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो. आता तिथे नवा, तरुण मॅनेजर आहे. मशीन मात्र तेच, पडद्यावर धूळ. मी सगळं लिहून, खाली सही करून त्याच्या हातात दिलं. "अंकल, पंद्रह साल से चल रहा है, कुछ हुआ तो नहीं," तो म्हणाला. मग त्याने कागद पुन्हा वाचला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी भट्टी थंड असताना त्याने अर्धा तास दिला.

खड्डा रिकामा आहे हे आम्ही दोनदा उतरून पाहिलं. क्रेनचा आकडा रिकामा ठेवला. एका कामगाराचं कार्ड दारावरच्या डब्याला लावलं. पडद्यावर आतल्या माणसांची संख्या आली, एक. क्रेन हलवून पाहिली, हलली नाही. वीज तोडली. मी हात खिशात घातले. वीज दिली. पडदा सुरू झाला. त्रेसष्ट नंबरची टेस्ट पास. मग अक्षरं उमटली, खड्डा रिकामा आहे. मॅनेजरने वर क्रेन चालवणाऱ्याला खूण केली. क्रेनने एक धक्का घेतला आणि चाकांचा आवाज करत सावकाश निघाली. ती खड्ड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तिला कोणीच अडवलं नाही.

कामगार काठावर उभे होते. त्यातला एक, पंचविशीचा असेल, खाली बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांत घातलं.

प्रोग्रॅम दुरुस्त व्हायला चार दिवस लागले. तोवर खड्ड्यात कोणी उतरलं नाही. पाचव्या दिवशी वीज जाऊन आली आणि क्रेन जागची हलली नाही. मी हे सांगायला वहिनींकडे गेलो. कारखान्यात सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली, असंही म्हणालो. कदाचित त्यांनी मला माफ करावं असं वाटत होतं.

त्या म्हणाल्या, "कारखान्यात सांगून काय व्हते? तिथं आता त्यायले वळखणारं कोण हाय? तुमी विहारात बोलले होते ना? मंग विहारातच बोला."

त्या रविवारी वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. समोर सतरंजीवर पन्नाससाठ माणसं, पुढे लहान मुलं. एकेचाळीस म्हणजे काय, त्रेसष्ट म्हणजे काय, ते मी मुलांना कळेल असं सांगितलं. तो नंबर मेश्रामने नाही, मी टाकला, आणि इथेच उभं राहून मी खोटं बोललो, हे सांगितलं. क्रेन कशी चालत गेली तेही सांगितलं. एक म्हातारा उठून बाहेर गेला. कोणीतरी मागून मोठ्याने म्हणालं, "वा रे साहेब!" विहाराचे अध्यक्ष भला माणूस, त्यांनी माझा हात धरला. "झालं, काका. बोलले तुमी. बसा आता, पाणी घ्या."

मी बसणार होतो.

"बसू नका," बायकांच्या बाजूने वहिनी म्हणाल्या. "पुरं बोला."

राहिलं होतं ते एकच. माझं खोटं सगळ्यांनी इतक्या लवकर खरं का मानलं, आणि ते तसं मानतील हे मला आधीपासून कसं माहीत होतं. मी हात सोडवून घेतला आणि तेही बोललो.